कॉर्नर नवा, शेजारी कोण?

मंडळी, आज विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. लगेच पुढे सरकू नका. पाणीपट्टीची थकबाकी आणि बाजार समितीचं राजकारण उद्यापासून पुन्हा आहेच. आज हे वाचा, कारण गेले पंधरा दिवस आपल्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जे चाललंय त्याच्याशी याचा सरळ संबंध आहे. तो कुठे लागतो ते पुढे येईलच.

४ नोव्हेंबर २०२५ ला तिकडच्या एनएफएल लीगमध्ये एक मोठा व्यवहार झाला. न्यूयॉर्क जेट्स संघाने आपला कॉर्नरबॅक सॉस गार्डनर इंडियानापोलिस कोल्ट्सला देऊन टाकला. खरं नाव अहमद, सॉस हे टोपणनाव. बदल्यात कोल्ट्सने एक खेळाडू दिला आणि वर २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षांच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड दिली. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातली नवी पोरं संघांनी पाळीपाळीने उचलायची. त्यात पहिल्या फेरीची पाळी सोडणं म्हणजे आपल्याकडे पाटाखालची जमीन सोडण्यासारखं. गंमत म्हणजे याच जेट्सने जुलैमध्ये याच गार्डनरशी चार वर्षांचा, १२ कोटी डॉलरच्या वरचा करार केला होता. जुलैत करार आणि नोव्हेंबरात निरोप.

त्या दिवसापासून तिकडचे लोक एकच चर्चा करतायत. हा नव्या संघात चालेल का?

आता कॉर्नरबॅक म्हणजे काय, हे कबड्डी बघणाऱ्या माणसाला समजावणं सोपं आहे. मैदानाच्या कडेला, टोकाला उभा राहणारा बचावपटू. समोरच्या संघाचा पळणारा गडी, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो सुसाट सुटतो आणि याने त्याच्या अंगाला चिकटून पळायचं. त्याला कुठे वळायचंय ते माहीत असतं, याला नसतं. म्हणजे हा बऱ्याचदा उलटं पळत, समोरच्याच्या कमरेकडे बघत अंदाज बांधतो. पहिल्या पाच यार्डांपर्यंत हाताने थोडं अडवता येतं, त्यापुढे चेंडू यायच्या आत धरलं की दंड. आणि चुकला तर सगळ्या स्टेडियमला दिसतं. मधल्या फळीतला माणूस चुकला तर गर्दीत झाकून जातं, कोपऱ्यातला चुकला की उघडाच पडतो.

आपल्या डाव्या कॉर्नरचंही हेच की. घोटा हातात आला तर टाळ्या, निसटला तर चढाईपटू मधल्या रेषेवर आणि कॉर्नर मातीत तोंड खुपसून.

पण या जागेची एक खोच आहे आणि सगळा वाद तिथेच आहे. कोपऱ्यातला माणूस एकटा दिसतो, पण एकटा खेळत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. आपल्या पुढच्या फळीने त्याच्यावर धाव घेऊन त्याला घाईला आणलं तर कॉर्नरला तेवढंच राखायचं असतं. पुढची फळी ढिली पडली आणि चार-पाच सेकंद मिळाले, तर जगातला कुठलाही कॉर्नर उघडा पडतो. पुन्हा मागे सेफ्टी नावाचा माणूस असतो. तो कधी मदतीला येणार आणि कधी नाही, हे कॉर्नरला आधीच माहीत असावं लागतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पद्धत. काही प्रशिक्षक सांगतात, तुझा माणूस धर, तो जाईल तिथे जा. काही सांगतात, माणूस सोड, तुझी जागा राख, तिथे जो येईल तो तुझा. वरून एकच काम वाटतं, पण दोन वेगळे धंदे आहेत. एकात पाय लागतात, दुसऱ्यात सगळ्या मैदानाचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे नामदी असोमुघा. मला या माणसाची गोष्ट सारखी आठवत राहते. ओकलंड रेडर्सकडे तो उजव्या बाजूला उभा राहायचा आणि समोर येईल त्याला एकट्याने अडवायचा. २००६ मध्ये त्याने विरोधकांचे आठ चेंडू मधेच पकडले. त्यानंतरच्या तीन वर्षांत दरवर्षी एकेकच. खेळ घसरला म्हणून नाही, तर लोकांनी त्याच्या बाजूला चेंडू टाकणंच सोडून दिलं म्हणून! आकडे कमी झाले आणि दबदबा वाढला. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे वाक्य टेबलावर चिकटवून ठेवावं, कारण आम्ही आकडा बघून मथळा देतो.

२०११ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला पाच वर्षांसाठी सहा कोटी डॉलरला घेतलं. त्या वर्षी त्यांनी इतकी मोठी नावं गोळा केली की संघातलाच एक खेळाडू, विन्स यंग, याला ‘ड्रीम टीम’ म्हणून बसला. झालं, पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे. पहिल्या पाच सामन्यांत चार पराभव. शेवटी आठ जिंकले, आठ हरले. पुढच्या वर्षी सोळापैकी फक्त चार जिंकले. मार्च २०१३ मध्ये असोमुघाला घरी पाठवलं.

काय बिघडलं? त्याचं वय तिशीकडे झुकलेलं होतं हे खरं, पाय पूर्वीचे राहिले नव्हते. पण नुसतं तेवढं नाही. ईगल्सने बचावाचा प्रमुख म्हणून ज्याला नेमलं तो हुआन कॅस्टिलो, त्याआधी अनेक वर्षं आक्रमणातल्या फळीला शिकवणारा माणूस. त्याच्याकडे आधीच दोन नावाजलेले कॉर्नर होते, त्यात असोमुघा तिसरा. मग याला कधी मधे उभा कर, कधी मागे, कधी माणूस सोडून जागा राखायला लाव. म्हणजे जो गडी वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात उभा राहून मोठा झाला, त्याला घेतलं त्या कोपऱ्यासाठी आणि वापरलं सगळीकडे. कोणी विचारलंच नाही की बाबा, तू मोठा झालास तो नेमका कशामुळे? पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला, तिथे तीनच सामने खेळला. शेवटी निवृत्त होताना रेडर्सकडे एका दिवसाचा करार करून जुन्याच जर्सीत निवृत्त झाला. आता तो सिनेमात अभिनय करतो, निर्मितीही करतो. बरं चाललंय त्याचं.

दुसरं नाव डॅरेल रेविस. हाही जेट्सचाच. तो ज्याला धरायचा तो माणूस जणू बेटावर एकटा पडायचा, म्हणून लोकांनी त्या जागेला ‘रेविस आयलंड’ असं नाव दिलेलं. २०१२ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला. २०१३ मध्ये जेट्सने त्याला टॅम्पा बे संघाला विकलं. करार सहा वर्षांचा, नऊ कोटी साठ लाख डॉलरचा. छातीत धडकी भरवणारा आकडा. पण त्यात हमीचे पैसे शून्य! म्हणजे संघाने ठरवलं तर कधीही ‘या आता’ म्हणता येणार. टॅम्पाने सोळापैकी चार सामने जिंकले, प्रशिक्षक गेला, नवा आला आणि रेविसला एका वर्षात मोकळं केलं. गडी बाद झाला, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. पुढच्याच हंगामात तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला. तिथे बिल बेलिचिक या प्रशिक्षकाने त्याला त्याचं तेच काम दिलं, अमुक माणूस तुझा, बाकीचं आम्ही बघतो. १ फेब्रुवारी २०१५ ला त्या संघाने सिॲटलला २८-२४ असं हरवून सुपर बोल जिंकला.

तोच माणूस, तेच दुरुस्त झालेलं गुडघं. मध्ये बारा महिने.

उलट बाजूचीही उदाहरणं आहेत, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं सांगतोय. डिऑन सँडर्स १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला, पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि सुपर बोल जिंकला. पुढच्या वर्षी डॅलसला गेला, तिथेही जिंकला. पण दोन्ही संघ आधीच भरलेले होते, त्यांना शेवटची वीट हवी होती. स्टीफन गिलमोर २०१७ मध्ये बफेलोहून न्यू इंग्लंडला आला तेव्हा सुरुवातीच्या काही सामन्यांत त्याची आणि साथीदारांची इतकी चुकामूक व्हायची की समोरचा रिसीव्हर मोकळाच पळत सुटायचा. लोकांनी शिव्या घातल्या. संघाने त्याला बसवलं नाही. २०१९ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. मला या सगळ्यांत गिलमोरची ती पहिली चार-सहा आठवडी जास्त महत्त्वाची वाटतात. पुरस्काराचं वर्ष सगळ्यांना दिसतं हो.

आता आपल्या अंगणात या.

मोहम्मदरेझा शादलुई हा इराणचा डावा कॉर्नर. पाटण्याकडून नाव कमावलं. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, तेव्हा आपल्याकडे किती लोकांनी नाकं मुरडली ते मला आठवतंय. एका पकडवाल्याला एवढे? १ मार्च २०२४ ला पुण्याने हरियाणाला हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं. पुढच्या हंगामात तो त्याच हरियाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना. डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता, अंतिम सामना बालेवाडीत, आणि हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू शादलुई. लोक म्हणायला लागले, हा जिथे जाईल तिथे करंडक. मग गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतलं आणि २०२५ मध्ये गुजरातला पुढची फेरीसुद्धा गाठता आली नाही.

काय, एका वर्षात पोरगा पकड विसरला? पुण्यात त्याच्या शेजारी डाव्या कव्हरला संकेत सावंत होता, पलीकडे अबिनेश नादराजन आणि उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. हरियाणात जयदीप दहिया आणि राहुल सेतपाल. म्हणजे शादलुईने पुढे झेपावून चूक केली तरी मागून दोन माणसं येऊन चढाईपटूच्या कमरेत बसायची. तो बेधडक खेळतो, ते त्याचं बळ आहे. पण बेधडक खेळायला पाठीमागे कोणीतरी शहाणं लागतं. हे कुठल्याही घरात विचारा.

आणि फझल अत्राचली. २०२२ मध्ये पुण्याला अंतिम फेरीपर्यंत नेलं, मुंबईत जयपूरकडून ३३-२९ असे हरलो. त्यानंतर गुजरात, मग बंगाल. संपला म्हणाले लोक. २०२५ ला दिल्लीकडून खेळला आणि दिल्लीने अंतिम सामन्यात आपल्याच पुण्याला हरवलं. वय तेहतीस.

आता मुद्द्याचं. आपल्या तालुक्यातला एक पोरगा, नाव सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहिणार नाही, या मोसमात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तगड्या संघाकडून खेळायला लागला. तोही डावा कॉर्नर. गेल्या पंधरा दिवसांत त्याच्या तीन क्लिपा फिरतायत. तिन्हींत तो घोट्यावर झेपावतो आणि चढाईपटू त्याला फरफटत रेषेवर नेतो. खाली हसण्याच्या इमोज्या, ‘गावाला लाथ मारली, आता भोग’, ‘पैशाला भुलला’, आणि एका महाभागाने तर ‘गद्दार’ असं लिहून फोटोवर लाल फुली मारलीय. हा शब्द आपल्या राज्यात गेल्या काही वर्षांत इतका स्वस्त झालाय की आता वीस-बावीस वर्षांच्या पोराला, चार पैसे आणि बरं मैदान मिळतंय म्हणून संघ बदलला, तर तोच चिकटवतात. मला दोघांचे फोन आले, ‘बातमी लावा’ म्हणून. मी लावली नाही, लावणारही नाही. संघ बदलणं ही बातमी नसते, हक्क असतो.

त्याचे वडील रोज सकाळी डेअरीवर दूध घालायला येतात. गेला आठवडाभर ते आले नाहीत, धाकट्याला पाठवतात. ज्यांनी इमोज्या टाकल्या त्यातले निम्मे त्याच रांगेत उभे असतात, म्हणून सांगतोय.

मी तिन्ही क्लिपा पुन्हा पुन्हा बघितल्या. तुम्हीही बघा, पण पोराकडे बघू नका, त्याच्या बाजूच्या कव्हरकडे बघा. तिन्ही वेळा कव्हर जागेवरच उभा आहे. एकदा तर तो उलट एक पाऊल मागे जातोय. गावाच्या संघात या पोराच्या शेजारी त्याचा चुलत भाऊ असायचा. दोघं शाळेपासून एकत्र. याचा खांदा खाली गेला की तो हाक न देता कमरेत शिरायचा. त्या दोघांची पकड बघायला लोक जत्रेत थांबायचे, आणि नाव मात्र एकट्या कॉर्नरचं व्हायचं. कारण घोटा त्याच्या हातात दिसायचा. नव्या संघाने घोटा पकडणारा हात नेला, पण त्या हातामागचा भाऊ इथेच राहिला. आता तिथला कव्हर वेगळ्या शिस्तीत तयार झालाय. कॉर्नरने आधी चढाईपटूला आत ओढायचं, घाई करायची नाही, मग साखळीने घेरायचं. याला थांबायची सवय नाही, त्याला धावून जायची नाही. हे बसायला दहा-बारा सामने लागतात, आणि आपण तीन क्लिपांत निकाल लावून मोकळे.

पोराचा रात्री फोन आला होता. ‘दादा, परत येऊ का?’ मी प्रशिक्षक नाही, खेळलोय तो फक्त शाळेत, तेही राखीव म्हणून. त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या कोचला एक विचार, मला घेतलं ते माझ्या सवयीसाठी की तुमची सवय लावण्यासाठी? उत्तर काहीही आलं तरी चालेल, पण उत्तर असलं पाहिजे. असोमुघाच्या संघाकडे ते नव्हतं. आणि दुसरं, त्या कव्हरच्या खोलीवर राहायला जा, त्याच्याबरोबर जेव, सरावानंतर अर्धा तास दोघंच थांबा.

तिसरी गोष्टही विचारली, जी त्याला जरा झोंबली असावी. कागद काय केलाय? म्हणाला, तोंडी ठरलंय, स्पर्धेगणिक पैसे. दुखापत झाली तर? गप्प. रेविससारख्या माणसाच्या नऊ कोटी डॉलरच्या करारात हमीचा एक डॉलर नव्हता, आणि त्याला वर्षात दार दाखवलं. पण तो पुढे जेट्सकडे परतला तेव्हा सात कोटींच्या करारात तीन कोटी नव्वद लाख हमीचे लिहून घेऊन परतला. शहाणा झाला होता. आपल्या पोरांचा गुडघा गेला की मंडळ एक शाल देतं आणि आमदारसाहेब सोबत फोटो काढतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी कुठल्या स्पर्धेचं कुठलं प्रमाणपत्र चालतं हे संघ बदलायच्या आधी बघायचं असतं. ते इथे कोणी सांगत नाही. क्लिपा मात्र सगळे पाठवतात.

राहिला गार्डनर. कोल्ट्सने त्याला घेतलं तेव्हा त्यांचे सात विजय, दोन पराभव होते. त्याचा पहिला सामना बर्लिनमध्ये झाला, तोही जिंकले. आठ-दोन. मग महिना संपता संपता ह्यूस्टनविरुद्ध त्याच्या पोटरीला दुखापत झाली. पाठोपाठ त्यांचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सच्या टाचेची शीर तुटली आणि त्यांना चव्वेचाळीस वर्षांच्या, निवृत्त झालेल्या फिलिप रिव्हर्सला घरून बोलवावं लागलं. उरलेले सगळे सामने हरले. आता तिकडे एक गट म्हणतोय, एका कॉर्नरसाठी दोन पहिल्या फेऱ्या घालवल्या आणि हाती काय आलं? प्रश्न रास्तही आहे, किंमत फार होती. पण पोटरी दुखावलेला माणूस कडेला बसून क्वार्टरबॅकची टाच कशी वाचवणार होता, ते मला कळत नाही.

माझं मत विचाराल तर गार्डनर चालेल. त्यांचा बचाव सांभाळणारा लू अनारुमो कॉर्नरला मोकळं सोडून माणूस धरायला लावणारा आहे, आणि गार्डनरला तेच आवडतं. वय पंचवीस. पहिल्या दोन्ही वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेलेला. फक्त पुढच्या फळीने क्वार्टरबॅकला पळवलं पाहिजे, नाहीतर तोही तीन क्लिपांत सापडेल.

आपल्या पोराचा पुढचा सामना रविवारी संध्याकाळी आहे, तालुक्यापासून पन्नास-साठ किलोमीटर. मी जाणार आहे, गाडीत दोन जागा आहेत, एक त्याच्या चुलत भावाने धरलीय. कोणाकडे आधीच्या सामन्यांचं पूर्ण रेकॉर्डिंग असेल तर मला पाठवा. क्लिप नको, पूर्ण सामना.